बांधकाम लेखापालनातील कर-संकेतांक

बांधकाम लेखापालनातील कर-संकेतांक म्हणजे बांधकाम व्यवसायातील वस्तूंना व सेवांना करआकारणीसाठी दिलेला ठरावीक अंकांचा वर्गीकरण-क्रमांक होय. भारतात वस्तू व सेवा कर, म्हणजेच जीएसटी, १ जुलै २०१७ पासून लागू झाला. तेव्हापासून सिमेंट, सळई, खडी यांसारख्या वस्तूंसाठी एचएसएन संकेतांक आणि इमारत बांधणे, गिलावा करणे, नळजोडणी करणे यांसारख्या सेवांसाठी एसएसी संकेतांक वापरले जातात. टॅलीसारख्या लेखा-सॉफ्टवेअरमध्ये हा संकेतांक शोधून वस्तूच्या किंवा खात्याच्या मूळ नोंदीत भरला जातो. पुढे तोच बीजकावर आणि विवरणपत्रात उमटतो.

संकेतांक वर्ग दाखवतो. कराचा दर तो एकटा ठरवत नाही. बांधकाम सेवांच्या ९९५४ या एकाच शीर्षकाखाली करमाफी, १ टक्का, ५ टक्के आणि १८ टक्के असे भिन्न परिणाम संभवतात. त्यामुळे सॉफ्टवेअरच्या पडद्यावर संकेतांक सापडणे आणि योग्य कर आकारला जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

उगम

वस्तूंच्या संकेतांकांचा पाया आंतरराष्ट्रीय आहे. जागतिक सीमाशुल्क संघटनेच्या ‘हार्मोनाइज्ड सिस्टिम’ या वर्गीकरणाचा करार १९८३ मध्ये ब्रुसेल्स येथे झाला व तो १ जानेवारी १९८८ पासून अमलात आला. एचएसएन हे नाव त्यावरूनच आले. भारतात केंद्रीय उत्पादनशुल्क दर अधिनियम १९८५ याच पद्धतीवर बेतलेला होता. त्यामुळे कारखानदारांना हे संकेतांक जीएसटीपूर्वीही परिचित होते. बांधकाम कंत्राटदारांपर्यंत ते मोठ्या प्रमाणावर पोहोचले ते मात्र २०१७ नंतर.

सेवांचे संकेतांक संयुक्त राष्ट्रसंघाच्या ‘सेंट्रल प्रॉडक्ट क्लासिफिकेशन’ या वर्गीकरणाच्या धर्तीवर तयार करण्यात आले. २८ जून २०१७ च्या केंद्रीय कर (दर) अधिसूचना क्रमांक ११/२०१७ ला त्यांची यादी जोडलेली आहे.

बांधकामाच्या कराचा प्रश्न याहून जुना आहे. इमारतीच्या कंत्राटात माल आणि श्रम एकत्र गुंफलेले असतात. अशा अविभाज्य कंत्राटातील मालावर राज्यांना विक्रीकर लावता येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९५८ मध्ये मद्रास राज्य विरुद्ध गॅनन डंकर्ली या खटल्यात दिला. त्यावर उपाय म्हणून १९८२ च्या सेहेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३६६ मध्ये खंड २९-अ घालण्यात आला आणि कंत्राटातील मालाचा भाग करपात्र झाला. पुढे १ जून २००७ पासून केंद्राने कार्यकंत्राटावर सेवाकर बसवला. परिणामी एकाच देयकावर राज्याचा मूल्यवर्धित कर आणि केंद्राचा सेवाकर असे दोन हिशेब ठेवावे लागत. जीएसटी कायद्याने स्थावर मालमत्तेचे कार्यकंत्राट ही सेवा मानली व हा दुहेरी हिशेब संपवला.

संकेतांकाची रचना

एचएसएन संकेतांकातील पहिले २ अंक प्रकरण, पुढील २ अंक शीर्षक आणि त्यापुढील २ अंक उपशीर्षक दर्शवतात. हे ६ अंक जगभर समान असतात. भारतीय दरसूचीत आणखी २ अंक जोडून संकेतांक ८ अंकी केला जातो. उदाहरणार्थ, २५ हे मीठ, दगड, चुना, सिमेंट इत्यादींचे प्रकरण आहे. २५२३ हे सिमेंटचे शीर्षक आणि २५२३२१ हे पांढऱ्या पोर्टलँड सिमेंटचे उपशीर्षक आहे.

सेवांचा संकेतांक ६ अंकी असून तो नेहमी ९९ ने सुरू होतो. त्यातील ९९५४ हे बांधकाम सेवांचे शीर्षक आहे.

बीजकावर किती अंक छापावेत हे व्यावसायिकाच्या मागील आर्थिक वर्षाच्या उलाढालीवर ठरते. १ एप्रिल २०२१ पासून ५ कोटी रुपयांहून अधिक उलाढाल असणाऱ्यांना किमान ६ अंक, तर त्याहून कमी उलाढाल असणाऱ्यांना नोंदणीकृत ग्राहकाच्या बीजकावर किमान ४ अंक देणे बंधनकारक आहे.

एक वस्तू, अनेक संकेतांक

एकच सिमेंट कोणत्या रूपात विकले जाते यावर त्याचा संकेतांक बदलतो.

– दुकानातून गोणीने विकलेले सिमेंट: २५२३
– वापरण्यास तयार काँक्रीट, म्हणजेच रेडी मिक्स: ३८२४
– सिमेंटचे ब्लॉक, पेव्हर, पाइप यांसारख्या तयार वस्तू: ६८१०
– तेच सिमेंट वापरून कंत्राटदाराने मालासह बांधून दिलेली इमारत: ९९५४

पहिल्या तीन प्रकारांत वस्तूची विक्री होते. चौथ्यात सिमेंट इमारतीत विलीन होते व ग्राहकाला मिळते ते काम. म्हणून कंत्राटदाराने ग्राहकाच्या देयकात सिमेंट, सळई व वाळू वेगवेगळ्या ओळींवर त्यांच्या त्यांच्या एचएसएन संकेतांकांसह दाखवणे बरोबर नाही. खरेदीच्या बाजूस हे संकेतांक राहतात. विक्रीच्या बाजूस संपूर्ण कार्यकंत्राटाला सेवेचा एकच संकेतांक लागतो.

खरेदीत वारंवार लागणारी इतर शीर्षके अशी: नैसर्गिक वाळू २५०५, खडी २५१७, लोखंडी सळई ७२१४, सिरॅमिक फरशी ६९०७, सिरॅमिकची स्वच्छतागृह-भांडी ६९१०, प्लास्टिकचे पाइप ३९१७, विजेच्या तारा ८५४४.

बांधकाम सेवांचे संकेतांक

९९५४ या शीर्षकाचे प्रमुख गट पुढीलप्रमाणे आहेत.

– ९९५४१: इमारतींचे बांधकाम. निवासी इमारती ९९५४११. वसतिगृहे, वृद्धाश्रम इत्यादी ९९५४१२. कारखाने, कार्यशाळा व गोदामे ९९५४१३. कार्यालये, हॉटेले, मंगल कार्यालये इत्यादी ९९५४१४. शाळा, रुग्णालये इत्यादी ९९५४१५. या इमारतींची दुरुस्ती, फेरबदल व वाढीव काम ९९५४१९.
– ९९५४२: स्थापत्य कामे. रस्ते, लोहमार्ग, पूल व बोगदे ९९५४२१. बंदरे, धरणे, जलवाहिन्या व सिंचनकामे ९९५४२२.
– ९९५४३: जागेची पूर्वतयारी. पाडकाम ९९५४३१, खोदकाम व मातीकाम ९९५४३३.
– ९९५४५: विशेष कामे. पाया ९९५४५१, छत व जलरोधन ९९५४५३, काँक्रीट ९९५४५४, गवंडीकाम ९९५४५६.
– ९९५४६: जोडणीची कामे. वीज ९९५४६१, नळ व सांडपाणी ९९५४६२, उद्वाहन ९९५४६६.
– ९९५४७: पूर्णत्वाची कामे. गिलावा ९९५४७२, रंगकाम ९९५४७३, फरशीकाम ९९५४७४, सुतारकाम ९९५४७६.

वास्तुविशारदाची सेवा या शीर्षकात येत नाही. ती ९९८३ या शीर्षकात येते.

एक संकेतांक, अनेक दर

९९५४ खालील दर ठरवताना काम कोणते, ते कोणासाठी आणि कोणत्या अटीवर केले हे पाहावे लागते.

गृहसंकुलाचा भाग नसलेल्या एकट्या निवासी घराच्या नव्या बांधकामासाठी माल न पुरवता केवळ मजुरीचे कंत्राट घेतल्यास ते करमाफ आहे. त्याच गवंडीकाम करणाऱ्या ठेकेदाराने मालासह घर बांधून दिल्यास १८ टक्के कर लागतो. जुन्या घराच्या दुरुस्तीची मजुरी या माफीत येत नाही, कारण माफी नव्या कामापुरती आहे. अर्थात ठेकेदाराची उलाढाल नोंदणीच्या मर्यादेपेक्षा, म्हणजे महाराष्ट्र व गोव्यात सेवांसाठी वार्षिक २० लाख रुपयांपेक्षा, अधिक असेल तरच कर आकारण्याचा प्रश्न सामान्यतः उद्भवतो.

विकासकाने बांधकाम चालू असताना सदनिका विकल्यास १ एप्रिल २०१९ पासूनच्या योजनेत परवडणाऱ्या घरावर १ टक्का व इतर घरांवर ५ टक्के कर आहे. परवडणारे घर म्हणजे महानगरांत ६० चौरस मीटर व अन्यत्र ९० चौरस मीटरपर्यंत चटईक्षेत्राचे आणि ४५ लाख रुपयांपर्यंत किमतीचे घर. मुंबई महानगर प्रदेशाचा समावेश महानगरांत होतो. पुणे, नाशिक व नागपूर यांचा होत नाही. त्यामुळे ८० चौरस मीटरची ४५ लाखांची सदनिका पुण्यात १ टक्क्याच्या, तर ठाण्यात ५ टक्क्यांच्या वर्गात जाते.

सॉफ्टवेअरमध्ये हे दर वेगळ्या स्वरूपात दिसतात. अधिसूचनेत मूळ दर अनुक्रमे १.५ व ७.५ टक्के असून एकूण किमतीचा एक तृतीयांश भाग जमिनीचा धरून वगळला जातो. ६० लाखांच्या सदनिकेत ४० लाखांवर ७.५ टक्क्यांनी ३ लाख रुपये कर होतो. हीच रक्कम ६० लाखांच्या ५ टक्के भरते. जमिनीची वजावट न नोंदवता ७.५ टक्के दर लावल्यास कर ४ लाख ५० हजार होतो आणि दीड लाखाचा अकारण भार घर घेणाऱ्या कुटुंबावर पडतो. इमारतीस पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यानंतर संपूर्ण मोबदला घेऊन विकलेल्या सदनिकेवर जीएसटी लागत नाही.

सॉफ्टवेअरमधील शोध

बहुतेक लेखा-सॉफ्टवेअरांत संकेतांक दोन प्रकारे शोधता येतो: अंकांवरून आणि वर्णनावरून. जीएसटीच्या शासकीय पोर्टलवरही अशी शोधसुविधा आहे. अंकांवरून शोधताना पहिले ४ अंक टंकल्यास त्याखालील उपवर्गांची यादी उघडते.

वर्णनावरून शोधताना अडचण येते ती भाषेची. यादीतील वर्णने दरसूचीच्या इंग्रजी परिभाषेत असतात. बाजारात सळईला ‘टीएमटी’ म्हणतात, पण यादीत ती ‘बार्स अँड रॉड्स’ या वर्णनाखाली येते. खडीसाठी ‘ग्रॅव्हल’ किंवा ‘क्रश्ड स्टोन’, तर गिलाव्यासाठी ‘प्लास्टरिंग’ असा शब्द द्यावा लागतो. व्यापारी नावाने शोध घेतल्यास काहीच सापडत नाही, किंवा जवळचा पण भिन्न संकेतांक समोर येतो. वेटोळ्यातील लोखंडी सळईचे शीर्षक ७२१३ आहे, सरळ सळईचे ७२१४. यादीत दोन्ही शेजारी असतात.

सापडलेला संकेतांक कोठे भरला जातो हेही महत्त्वाचे असते. टॅलीमध्ये कंपनी, खातेगट, खाते, वस्तुगट आणि वस्तू अशा निरनिराळ्या पातळ्यांवर संकेतांक व दर नोंदवता येतात. संपूर्ण कंपनीसाठी एकच संकेतांक ठेवल्यास नोंदी झटपट होतात. परंतु एकच कंत्राटदार इमारतही बांधत असेल व रेडी मिक्सही विकत असेल तर ही सोय चुकीचे कारण ठरते. अशा वेळी प्रत्येक सेवेसाठी वेगळे उत्पन्न-खाते व प्रत्येक मालासाठी वेगळी वस्तुनोंद ठेवणे श्रेयस्कर असते.

संकेतांकाबरोबर एकक-संकेतही भरावा लागतो. सिमेंट गोण्यांत, सळई मेट्रिक टनांत, रेडी मिक्स घनमीटरमध्ये मोजले जाते. सॉफ्टवेअरमधील स्थानिक एकक, उदाहरणार्थ ब्रास, शासकीय एककांच्या यादीशी जुळवून घ्यावे लागते.

स्थळाचा प्रश्न

कर केंद्र व राज्य यांच्यात विभागून आकारायचा की एकात्मिक कर म्हणून, हे सॉफ्टवेअर सामान्यतः ग्राहकाच्या पत्त्यातील राज्यावरून सुचवते. बांधकामात हा अंदाज फसू शकतो, कारण स्थावर मालमत्तेशी संबंधित सेवेचे पुरवठा-स्थळ ती मालमत्ता जेथे असेल ते मानले जाते.

समजा, कोल्हापूरचा कंत्राटदार पुण्यातील कंपनीसाठी गोव्यात गोदाम बांधतो व १० लाख रुपयांचे देयक देतो. संकेतांक ९९५४१३ व दर १८ टक्के आहे. दोन्ही पक्ष महाराष्ट्रातील असल्याने सॉफ्टवेअर ९०,००० केंद्रीय कर आणि ९०,००० राज्य कर सुचवते. गोदाम गोव्यात असल्याने प्रत्यक्षात १,८०,००० रुपये एकात्मिक कर लागतो. कंत्राटदाराची गोव्यात स्वतंत्र नोंदणी असून देयक त्या नोंदणीखाली दिले असेल, तर गोव्याचा राज्य कर व केंद्रीय कर लागेल. एकूण रक्कम तीच असली तरी चुकीच्या शीर्षाखाली भरलेला कर आपोआप वळता होत नाही. योग्य कर नव्याने भरावा लागतो व आधीचा परत मागावा लागतो. अशा प्रकरणी कायद्याने व्याज माफ केले आहे, तथापि परतावा मिळेपर्यंत कंत्राटदाराचे भांडवल अडकून पडते.

दिनांकाचा प्रश्न

दर बदलतात, संकेतांक तोच राहतो. सिमेंटवरील कर जीएसटीच्या प्रारंभापासून २८ टक्के होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो १८ टक्के झाला. शासकीय संस्थांच्या अनेक कार्यकंत्राटांवरील १२ टक्के दर १८ जुलै २०२२ पासून १८ टक्के झाला. म्हणून सॉफ्टवेअरमध्ये दरासमोर ‘लागू दिनांक’ हा रकाना असतो. जुना दर पुसून नवा लिहिल्यास पूर्वीच्या देयकांचा हिशेब बिघडतो. नव्या दिनांकासह नवी नोंद केल्यास जुनी देयके अबाधित राहतात. दीर्घकाळ चालणाऱ्या कामात दरबदलाच्या आधी काम झाले आणि देयक नंतर निघाले, तर काम, देयक व मोबदला यांच्या दिनांकांवरून दर ठरवण्याचे नियम कायद्याच्या कलम १४ मध्ये दिले आहेत.

कराची वजावट

खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, म्हणजेच इनपुट टॅक्स क्रेडिट, मिळेल की नाही हेही संकेतांकावरून थेट कळत नाही. पोटकंत्राटदाराच्या कार्यकंत्राटावरील कर मुख्य कंत्राटदाराला वजावटीस मिळतो, कारण तो पुढे कार्यकंत्राटच पुरवतो. परंतु एखाद्या व्यापाऱ्याने स्वतःच्या वापरासाठी कार्यालय बांधून घेतल्यास कलम १७(५) प्रमाणे वजावट सामान्यतः नाकारली जाते. दोन्ही बीजकांवर संकेतांक व दर एकच असतो. हिशेबनिसाला वजावटीची पात्रता स्वतंत्रपणे नोंदवावी लागते.

१ किंवा ५ टक्क्यांच्या योजनेतील विकासकालाही वजावट मिळत नाही. शिवाय त्याला किमान ८० टक्के खरेदी नोंदणीकृत पुरवठादारांकडून करावी लागते आणि अनोंदणीकृत व्यक्तीकडून सिमेंट घेतल्यास त्यावरील कर स्वतः भरावा लागतो. यासाठी खरेदीच्या नोंदीत संकेतांक व पुरवठादाराची नोंदणी-स्थिती या दोन्ही गोष्टी अचूक असाव्या लागतात.

चुका व त्यांचे परिणाम

सॉफ्टवेअर व शासकीय पोर्टल संकेतांक अस्तित्वात आहे का हे तपासतात. तो त्या कामाला लागू आहे का हे तपासत नाहीत. कारखान्याच्या बांधकामाला निवासी इमारतीचा ९९५४११ हा संकेतांक दिल्यास यंत्रणा तो स्वीकारते, कारण क्रमांक वैध असतो.

कर कमी आकारला गेल्यास फरक व त्यावर वार्षिक १८ टक्के व्याज कंत्राटदाराला भरावे लागते. काम पूर्ण झाल्यावर ग्राहकाने वाढीव रक्कम नाकारल्यास ती त्याच्या नफ्यातून, अनेकदा मजुरीसाठी ठेवलेल्या पैशातून जाते. करमाफ कामावर कर वसूल केल्यास ती रक्कम स्वतःकडे ठेवता येत नाही. शासनाकडे जमा करावीच लागते. ज्या उल्लंघनासाठी स्वतंत्र शिक्षा नाही त्यास कलम १२५ प्रमाणे २५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

वर्गीकरणाबाबत खरी शंका असल्यास कोणताही नोंदणीकृत व्यावसायिक अग्रिम निर्णय प्राधिकरणाकडे लेखी प्रश्न नेऊ शकतो. तो निर्णय अर्जदारावर व त्याच्या संबंधित कर-अधिकाऱ्यावर बंधनकारक असतो. इतरांसाठी तो केवळ मार्गदर्शक ठरतो.

संबंधित संकेत

बांधकामाच्या हिशेबात जीएसटीखेरीज उगमस्थानी करकपातीचे संकेतही असतात. आयकर अधिनियम १९६१ च्या कलम १९४-सी प्रमाणे कंत्राटदाराच्या देयकातून व्यक्ती व हिंदू अविभक्त कुटुंब यांच्यासाठी १ टक्का आणि इतरांसाठी २ टक्के कपात होत असे. १ एप्रिल २०२६ पासून आयकर अधिनियम २०२५ लागू असून करकपातीच्या तरतुदी त्याच्या कलम ३९३ मध्ये एकत्र केल्या आहेत. त्यामुळे सॉफ्टवेअरमधील जुना कलम-संकेतही बदलावा लागतो. शासकीय विभाग अडीच लाख रुपयांहून अधिक मूल्याच्या करपात्र कंत्राटावर १ ऑक्टोबर २०१८ पासून २ टक्के जीएसटीही कापून घेतात. ही कपात म्हणजे नवा कर नव्हे. ती कंत्राटदाराच्या खात्यात जमा होते व त्याला वापरता येते. हिशेबात ती खर्च म्हणून दाखवल्यास कंत्राटदार आपल्याच पैशाला मुकतो.